दोघींचं काम, एकटीच्या हातात: नव्या नर्सिंग असिस्टंटच्या एका संध्याकाळचं प्रकरण

अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे सतत काळजी लागणारी, बहुतेक वृद्ध माणसं राहतात अशा संस्थेत, नव्याने लागलेल्या सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचं, म्हणजे सीएनएचं, हे प्रकरण. तिला इथे सुधा म्हणते. नाव, वय, रेसिडेंटचे (तिथे राहणाऱ्यांचे) तपशील ओळख पटणार नाही इतके बदललेत, घडलं ते मात्र तसंच ठेवलंय. मी तिथे स्टाफचं ट्रेनिंग बघणारी नर्स. म्हणजे सुधाच्या ओरिएंटेशनच्या कागदावर 'एकटीने काम करायला तयार' अशी सही करणारी मीच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे दोषाची वाटणी होईल तेव्हा माझा वाटा त्यातून सुटायला नको.

पार्श्वभूमी

सुधा चाळिशी ओलांडलेली. भारतात शाळेत शिकवायची, इथे आल्यावर दहा-बारा वर्षं घर आणि मुलं. ग्रीन कार्ड आलं, धाकटा हायस्कूलला गेला, तेव्हा तिने सीएनएचा कोर्स केला. घरून विरोध नव्हता, कौतुकही नव्हतं. "लोकांचं करायला इतक्या लांब गेलीस का?" असं तिची आई फोनवर म्हणाली होती. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात हसत हसत सांगितलं. माणसं हसत हसत सांगतात त्या गोष्टी मी जरा जास्त लक्षात ठेवते.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं. १९८७ च्या फेडरल कायद्याने नर्सिंग होममधल्या असिस्टंटना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. राज्यं त्यात भर घालू शकतात. कॅलिफोर्नियात १६० तास लागतात, बऱ्याच राज्यांत अजून पंचाहत्तरच. परीक्षा दोन भागांत: एक लेखी, एक प्रत्यक्ष. प्रत्यक्ष परीक्षेत अनेक राज्यांत हात धुणं ठरलेलं असतं आणि बाकीची कौशल्यं नशिबाने पुढ्यात येतात. नाडी मोजणं, अर्ध्या अंगाने लुळ्या माणसाला सदरा घालणं, कुशीवर वळवणं, बेडवरून व्हीलचेअरवर घेणं, असं काहीतरी. पास झालं की राज्याच्या रजिस्ट्रीत नाव लागतं. सुधा पहिल्या फटक्यात पास झाली होती.

(जाता जाता: कोर्सची फी तिने स्वतः भरली होती. कोर्स संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांशी जोडलेल्या नर्सिंग होममध्ये नोकरी लागली, तर त्या खर्चाच्या भरपाईची सोय फेडरल नियमांत आहे. तिला ते ठाऊक नव्हतं. बहुतेकींना नसतं, आणि सांगायला कोणी उत्सुकही नसतं.)

तिला संध्याकाळची शिफ्ट मिळाली, तीन ते अकरा. आमच्या त्या मजल्यावर दिवसा एका सीएनएकडे आठ रेसिडेंट, संध्याकाळी अकरा, रात्री अठरा. आठ तासांना या आकड्यांनी भागून बेरीज केली, तर एका रेसिडेंटच्या वाट्याला चोवीस तासांत सीएनएची जेमतेम २ तास १० मिनिटं येतात. २००१ मध्ये केंद्र सरकारपुढे आलेल्या मोठ्या अभ्यासात दीर्घकाळ राहणाऱ्या रेसिडेंटसाठी २ तास ४८ मिनिटं सुचवली होती. २०२४ मध्ये केंद्राने २ तास २७ मिनिटांची सक्ती करणारा नियम काढला, पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या फेडरल कोर्टाने तो रद्द केला. आमचं नर्सिंग होम या बाबतीत फार वाईट होतं असं नाही. मधलंच होतं.

पहिले तीन आठवडे

या कामाबद्दल बाहेरच्यांना वाटतं की नव्या माणसाला घाण सोसत नाही. काहींना नाहीच सोसत, ते पहिल्या दोन दिवसांत निघून जातात. सुधाचं तसं नव्हतं. "सासऱ्यांचं शेवटचं वर्ष मीच केलंय, ताई. त्याचं काही नाही," असं म्हणून तिने हातमोजे चढवले आणि पहिल्याच दिवशी मिसेस ग या रेसिडेंटचा ब्रीफ (मोठ्यांचं डायपर) असा बदलला, की मी बघत राहिले. आधी दार बंद, मग पडदा, मग आपण काय करणार आहोत ते त्यांना सांगणं, आणि अंगावरची चादर लागेल तेवढीच बाजूला. परीक्षेत हे सगळे करतात. दुसऱ्या महिन्यात किती जणी करतात, ते विचारू नका.

तिची अडचण वेगळीच होती. एक म्हणजे नावं. पंच्याऐंशीच्या बाईला नावाने हाक मारायला तिची जीभ रेटायची नाही. आजी म्हणता येत नाही, आणि 'हनी', 'स्वीटी' म्हणायचं नाही हे आम्हीच शिकवतो, कारण त्यात माणसाचं लहान मूल होतं. शेवटी तिने सगळ्यांना मिस्टर-मिसेस लावायला सुरुवात केली. रेसिडेंटना ते आवडलं.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती नावांइतकी सहज सुटणारी नव्हती. तिच्या खिशात एक छोटी वही असायची. त्यात तिने पंधरा-पंधरा मिनिटांचं वेळापत्रक मराठीत लिहिलं होतं, शाळेच्या तासांसारखं: ३.१५ पाणी, ३.३० खोली चारची कूस, ३.४५ खोली सातचं बाथरूम. चार वाजून दहा मिनिटांनी ते मोडायचं. कॉल लाइट (रेसिडेंटने बोलावल्याचा दिवा) लागायचा, त्या खोलीत शिरली की शेजारचा लागायचा, तेवढ्यात कोणाची तरी लेक भेटायला येऊन आईचा चष्मा शोधायला लावायची. दर दोन तासांनी कूस बदलायचे रेसिडेंट चार, जेवण भरवायचे तीन, त्यांतल्या एकांना ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेलंच पाणी द्यायचं, आंघोळी दोन. आणि हे सगळं टॅबलेटवर भरायचं ते वेगळंच. पहिल्या आठवड्यात रात्री पावणेबारापर्यंत ती भिंतीला टेकून नोंदी करत असायची.

जुन्या सीएनए या सगळ्यातून वाट काढतात ती दोन प्रकारे. काही वाटा अनुभवाच्या: कुठला रेसिडेंट जेवणानंतर किती मिनिटांनी बाथरूम मागणार हे डोक्यात पक्कं असतं, बदलायचे कपडे आधीच खोलीत जाऊन पडलेले असतात. आणि काही आडवाटा. त्यांतली सर्वांत मळलेली म्हणजे जिथे दोन माणसं लागतात तिथे एकटीने उरकणं. दुसरीला शोधायला पाच मिनिटं, ती हातातलं टाकून येईपर्यंत आणखी पाच. एकटीने उचललं तर दोन मिनिटांत काम. हे सगळ्यांना माहीत होतं. मला, चार्ज नर्सला (शिफ्टच्या मुख्य नर्सला), मॅनेजरला. वर्षातून एकदा सगळ्यांना बसवून त्यावर क्लास घ्यायचा आणि सह्या गोळा करायच्या, असा शिरस्ता होता.

सुधाचं ओरिएंटेशन पाच शिफ्टचं झालं. अनुभवी सीएनएच्या मागे मागे फिरणं, मग तिच्या समोर स्वतः करणं, आणि कामांच्या यादीवर एकेक सही. पाचव्या दिवशी माझी. यादीत लिफ्ट (माणसाला उचलून धरणारं यंत्र) वापरण्याचं कलम होतं, गेट बेल्टचं (आधार देताना धरायला कमरेला बांधायच्या पट्ट्याचं) होतं. दुसऱ्या माणसाला कधी आणि कसं बोलवायचं, याचं नव्हतं. आज बघताना हे ढळढळीत दिसतं. तेव्हा दिसलं नाही.

अडचण: त्या संध्याकाळी काय झालं

मिसेस ग यांना स्ट्रोक येऊन गेलेला, उजवी बाजू कमजोर, थोडा विसरभोळेपणा, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. सुधाच्या ओरिएंटेशनच्या काळात त्या कमरेला गेट बेल्ट बांधून एका माणसाच्या आधाराने उभ्या राहायच्या. नंतर उजवा गुडघा दगा द्यायला लागला. फिजिओथेरपिस्टने पुन्हा तपासून केअर प्लॅन बदलला: उभं करणारं लिफ्ट आणि दोन माणसं. हा बदल या घटनेच्या चार दिवस आधीचा.

बदल टॅबलेटवर नोंदला गेला. कपाटाच्या दाराआतलं, कशी मदत करायची ते लिहिलेलं कार्डही बदललं. पण शिफ्टच्या सुरुवातीला हातात पडणारा असाइनमेंटचा कागद कोणीतरी जुन्याच्या फोटोकॉपीवरून काढला होता. त्यावर 'एक माणूस, बेल्ट' असंच होतं.

सुधाचा तो एकटीने काम करण्याचा तिसरा आठवडा. जेवणाचे ट्रे उचलून झाले होते. पावणेसातच्या सुमाराला मिसेस ग आपल्या खोलीत व्हीलचेअरवर होत्या आणि त्यांना बाथरूमला जायचं होतं. सुधाने कपाट उघडलं, कार्ड वाचलं. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढे चौकशीत 'कागद चुकीचा होता' एवढं म्हणून ती सहज सुटू शकली असती. ती तसं म्हणाली नाही. कार्ड वाचलं होतं, असं तिने स्वतःहून सांगितलं.

कॉरिडॉरमध्ये डोकावली. तिच्या जोडीची सीएनए जेवायला गेलेली, तिसरी आंघोळीच्या खोलीत. लिफ्ट मजल्याच्या दुसऱ्या टोकाला. ती परत आत आली, "पाच मिनिटं, मिसेस ग," म्हणाली. दोन मिनिटं गेली. मिसेस ग यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या हाताला रेटा दिला आणि स्वतःच उठायला लागल्या.

समोर कोणते पर्याय होते

त्या क्षणी तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते आम्ही दोघी नंतर दीड तास बसून उलगडत होतो. एवढं लांबण लावायचं कारण, नुसतं 'तिने नियम मोडला' म्हटलं तर शिकण्यासारखं काही उरत नाही.

लिफ्ट आणायला जाणं शक्य नव्हतं. उठू पाहणाऱ्या माणसाला एकटं सोडून गेलं तर पडणं जवळजवळ नक्की. ते तिला बरोबर कळलं.

त्यांना बसवून ठेवणं आणि ब्रीफमध्येच होऊ देणं हा दुसरा मार्ग. बरेच जण हाच धरतात, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो चूक नाही. पण सुधाला तो सहन होईना. "बाई सांगतेय बाथरूमला जायचंय, आणि मी म्हणू, बसल्या जागी करा?" हे ती माझ्याशी बोलतानाही संतापून म्हणाली. माणसाची अब्रू राखा म्हणून आम्हीच कानीकपाळी ओरडतो. तो धडा तिने मनावर घेतला होता, एवढाच तिचा अपराध.

तिसरा मार्ग: खुर्चीशी गुडघे टेकून बसायचं, एक हात त्यांच्या खांद्यावर, त्यांच्याशी बोलत राहायचं आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारायची. बाथरूममधली आणीबाणीची दोरी हाताच्या अंतरावर होती. ती ओढली की कॉरिडॉरमध्ये वेगळा, कर्कश आवाज होतो आणि हातातलं टाकून कोणीतरी येतंच. योग्य मार्ग हाच. सुधाला तो सुचला नव्हता का? सुचला होता.

"ओरडायचं कसं, ताई? लोकांची निजायची वेळ. आणि ती दोरी पडझड झाल्यावर ओढायची असं मला वाटायचं." मग जरा थांबून म्हणाली, "आदल्या आठवड्यात मी एकदा बोलावलं होतं एकीला. आली, पण म्हणाली, 'अजून तुला हातभार लागतो?' त्यानंतर मी ठरवलं, कमीत कमी वेळा बोलवायचं."

या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ अडकले होते. आमची परीक्षा बघा: एक उमेदवार, एक रुग्ण, समोर वही घेऊन परीक्षक. सगळं एकटीने करून दाखवायचं. मदत मागणाऱ्या उमेदवाराला गुण द्यायची तिथे जागाच नाही. मग मजल्यावर आल्यावर 'एकटीने जमतं ती पक्की, हाक मारते ती कच्ची' हा हिशेब नव्या मुलीच्या डोक्यात कोणी वेगळा घालावा लागत नाही.

चौथा मार्ग तिने धरला. कार्ड बदलण्याआधीची पद्धत, जी तिने स्वतः आठ-दहा वेळा केली होती. व्हीलचेअरचे ब्रेक लावले, पायठेवण्या बाजूला केल्या, न घसरणारे मोजे बघितले, बेल्ट कमरेला दोन बोटं जातील इतका घट्ट बांधला. चांगली बाजू पुढे घेऊन तीनपर्यंत मोजलं. त्या उभ्या राहिल्या. वळताना गुडघा गेला.

पुढचे चार-पाच सेकंद तिने कोर्समध्ये शिकलेलं अचूक केलं. धरून ठेवायचा हट्ट केला नाही. पाय फाकवून त्यांना आपल्या मांडीवरून घसरू दिलं, डोकं स्वतःच्या छातीशी धरलं आणि अलगद जमिनीवर टेकवलं. पडणाऱ्या माणसाला सावरू पाहणाऱ्या बहुतेक जणी इथेच दोघांचं वाटोळं करतात.

निर्णयाची दुसरी वेळ: पुढचा अर्धा तास

धप्प आवाजाने शेजारच्या खोलीतून एक जुनी सीएनए आली. वीसेक वर्षांचा अनुभव, हाताला वेग, मनाने वाईट नाही. तिने बघितलं: मिसेस ग शुद्धीत, रडत नाहीत, रक्त नाही. म्हणाली, "लागलं नाहीये. चल, तीन म्हटलं की उचलू. पडल्या कुठे, तूच तर टेकवलंस. हे काही लिहायची गरज नाही. तुझे प्रोबेशनचे नव्वद दिवस अजून व्हायचेत."

दोघींनी उचललं. इथे सुधाची दुसरी चूक. नर्सने तपासायच्या आधी जमिनीवरच्या माणसाला हलवायचं नसतं. कंबरेचं हाड मोडलेलं असेल तर उचलण्यानेच ते सरकतं. आणि टेकवलं तरी ते पडणंच. माणूस हेतूविना जमिनीवर आला, की कोणी धरलेलं असो वा नसो, नोंद पडण्याचीच होते. हा मुद्दा मी दर क्लासमध्ये सांगते आणि दर क्लासमध्ये निम्मे चेहरे आश्चर्याने बघतात.

सुधा पुढच्या खोलीत गेली, एकांना रात्रीचे कपडे घातले. तिला भीती रजिस्ट्रीची होती. छळ, दुर्लक्ष किंवा चोरी सिद्ध झाली तर तसा शेरा रजिस्ट्रीत नावापुढे लागतो आणि मग मेडिकेअर-मेडिकेडशी जोडलेलं कुठलंही नर्सिंग होम नोकरी देऊ शकत नाही. कोर्समध्ये हे तिला दहा वेळा ऐकवलेलं. पण असा शेरा लागण्याआधी राज्य चौकशी करतं, बाजू मांडायची संधी देतं, आणि लगेच सांगितलेली चूक व लपवलेली चूक यांच्याकडे एका नजरेने बघितलं जात नाही, एवढं बारकाव्याने तिला कोणी समजावलं नव्हतं. भीती शिकवणं सोपं असतं.

पंचवीस मिनिटांनी ती मिसेस ग यांच्याकडे परत गेली. त्या डाव्या मनगटाकडे बघत बसल्या होत्या. "दुखतंय का?" "थोडं." सुधा तिथून सरळ चार्ज नर्सकडे गेली आणि सगळं सांगितलं, उचलल्याचंही. जुन्या सीएनएचं नाव मात्र घेतलं नाही. ते दुसऱ्या दिवशी त्या बाईने स्वतःच सांगितलं, याची नोंद करायला हवी.

काय कारवाई झाली

चार्ज नर्सने डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, बीपी-नाडी घेतली, डॉक्टरांना आणि मुलीला फोन केला, मनगटाचा एक्स-रे सांगितला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न: डोकं आपटलं का? रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर असलेल्या माणसाचं डोकं आपटलं तर मेंदूत रक्तस्रावाची शंका येते आणि अॅम्ब्युलन्स बोलवावी लागते. सुधा ठामपणे म्हणाली, नाही, डोकं माझ्या छातीशी होतं. ती गप्प राहिली असती आणि तासाभराने कोणाला मनगट सुजलेलं दिसलं असतं, तर या प्रश्नाला उत्तर नसतं. त्या वयाच्या, विसरभोळ्या बाईला रात्री इमर्जन्सी रूमच्या गोंगाटात काढावी लागली असती.

एक्स-रे स्वच्छ निघाला. मुरगळलं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मॅनेजरचा कल सुधाला लेखी समज द्यायची आणि विषय मिटवायचा, असा होता. मी आणि चार्ज नर्सने कागद टेबलावर ठेवला, जुन्या फोटोकॉपीचा. समज सुधा आणि ती जुनी सीएनए, दोघींना द्यावीच लागली, ते योग्यही होतं. पण त्या कागदाची जबाबदारी कोणाची, यावर बैठक पाऊण तास चालली आणि शेवटी निघालं की कोणाचीच नेमून दिलेली नाही. ती रात्रीच्या चार्ज नर्सवर टाकली: रोज टॅबलेटवरून ताजा छापायचा, फोटोकॉपी बंद.

सुधाच्या पाठीचं दुखणं तिसऱ्या दिवशी उघड झालं, ती वाकताना ओठ चावताना मला दिसली म्हणून. स्वतःला लागलेलंही त्याच शिफ्टमध्ये नोंदवायचं असतं, नाहीतर कामावरच्या दुखापतीची भरपाई मिळवताना नाकीनऊ येतात. माणसाला हाताने उचलण्यासाठी सुचवलेली मर्यादा ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो आहे, तीही परिस्थिती अनुकूल असेल तर. मिसेस ग यांचं वजन त्याच्या चौपटीहून जास्त होतं. सुधाला आठवडाभर हलकं काम दिलं.

माझ्या हातात होतं ते मी बदललं. ओरिएंटेशन पाचावरून आठ शिफ्टवर नेलं, शेवटच्या तीन शिफ्टमध्ये अकराऐवजी सहा रेसिडेंट. यादीत एक नवं कलम घातलं: नव्या सीएनएने चालू शिफ्टमध्ये तीन वेळा दुसऱ्याला बोलावून दाखवायचं, त्यांतलं एकदा दोरी ओढून. पहिल्यांदा दोरी ओढताना सगळ्याच जणी लाजतात. आणि संध्याकाळी जेवणानंतर पाऊण तासाची जोडफेरी सुरू केली: दोघी मिळून लिफ्ट घेऊन एकामागून एक दोन-माणसांच्या खोल्या करायच्या, एकीच्या आणि दुसरीच्या.

निष्पत्ती

जोडफेरी चालली, आणि तीही मला वाटलं होतं त्याहून बरी. शोधाशोधीची दहा-दहा मिनिटं वाचल्यामुळे जुन्यांनाच ती आवडली. जोडफेरीबरोबर वॉकी-टॉकीही आणले होते, ते दोन आठवड्यांत कपाटात गेले. चार्जिंगला लावायचं कोणाच्या लक्षात राहीना.

मिसेस ग यांच्या मुलीने विनंती केली की आईकडे सुधाला पाठवू नये. आम्ही मान्य केलं. सुधाला ते समज मिळण्यापेक्षा जास्त लागलं. महिन्याभराने मिसेस ग यांनीच विचारलं, ती मिसेस म्हणणारी मुलगी हल्ली दिसत नाही ती? मुलीला मी तसं कळवलं, पण तिने विनंती मागे घेतली नाही आणि मी पुन्हा विषय काढला नाही.

सुधा नोकरीत राहिली. सहाव्या महिन्यात आलेल्या नव्या मुलीला शिकवायचं काम तिच्याकडे दिलं.

पुन्हा वेळ आली तर

सुधाला विचारलं तर ती म्हणते, कार्ड वाचल्या वाचल्या, मिसेस ग उठायच्या आधीच, दोरी ओढायला हवी होती. ती दोन मिनिटं वाट बघण्यात गेली. ते खरं आहे.

माझ्या बाजूने बघितलं तर मुळात पाचव्या दिवशी सही करून न थांबता मी तिला नंतरही एकच प्रश्न विचारत राहायला हवं होतं: या आठवड्यात किती वेळा कोणाला बोलावलंस? ती म्हणाली असती, एकदा. अकरा रेसिडेंटमध्ये चौघे दोन-माणसांचे असताना एकदाच. तेवढ्यावर मला कळायला हवं होतं. दुसरं, 'अजून तुला हातभार लागतो?' असं म्हणणाऱ्या सीएनएशी मी कधीच बोलले नाही. ती कोण हे सुधाने सांगितलं नाही आणि मीही खोदलं नाही. मला वाटतं मी ते टाळलं. त्या मजल्यावर ते वाक्य कोणीही म्हणू शकलं असतं, मीसुद्धा, सीएनए होते तेव्हा.

राहिला शनिवार-रविवार. त्या दोन दिवशी संध्याकाळी अजूनही एकीकडे चौदा रेसिडेंट येतात आणि जोडफेरी होत नाही. आणखी एका माणसाची मागणी मी दोनदा लिहून दिली आहे. गेल्या रविवारी मी जास्तीची शिफ्ट करत होते, पावणेसातला दोरीचा आवाज आला म्हणून धावले. सुधाच्या हाताखाली शिकलेली नवी मुलगी खुर्चीशी गुडघे टेकून बसली होती, कोणाला काही झालं नव्हतं. "सॉरी, फक्त बाथरूमला न्यायचंय," म्हणाली. मी लिफ्ट आणायला गेले. ते दुसऱ्या टोकालाच होतं.